कल्याणच्या पुढचं रेटिंग

बदलापूरला आमच्या सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये टेबल टेनिसची दोन टेबलं आहेत. रविवारी सकाळी आपला नंबर लागेपर्यंत मुलं भिंतीला टेकून मोबाइलवर बुद्धिबळ खेळत बसतात. लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर नवं खातं उघडलं की नावापुढे १५०० हा आकडा येतो आणि त्याला चिकटून एक प्रश्नचिन्ह. पुरेसे डाव होईपर्यंत ते प्रश्नचिन्ह हलत नाही. आकडा लिहिलाय खरा, पण त्याची खात्री अजून झालेली नाही, असा त्याचा अर्थ. त्या मुलांपैकी एकीने मला विचारलं, ‘काका, टीटीत माझं रेटिंग किती?’

मला उत्तर देता आलं नाही. तिचं वय अकरा, हात झपाट्याने सुधारतोय, आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात तिच्यासारख्या हौशी खेळाडूला स्वतःची पातळी कळावी अशी एकही धड सोय नाही. आहे ती ऐकीव माहिती. अमुक हॉलमधला तमुक ‘भारी’ आहे, त्याला कोणी तरी कल्याणमध्ये हरवलं, म्हणजे तो हरवणारा आणखी भारी. आयोजक या ऐकिवावर सीडिंग करतात, नाहीतर सरळ चिठ्ठ्या टाकतात. चिठ्ठ्या टाकून ड्रॉ काढलेली एक स्पर्धा मी पाहिली आहे. तिथे तेरा वर्षांखालच्या दोन सर्वांत चांगल्या मुली पहिल्याच फेरीत समोरासमोर आल्या. जिंकली तिने संध्याकाळी चषक नेला. हरलेली मुलगी सकाळी साडेनऊ वाजता बॅग भरून आईबरोबर स्टेशनकडे चालू लागली. त्या दिवशीच्या खेळावर ती दुसरी होती, कागदावर पहिल्या फेरीत बाद. रेटिंग हवं की नको, या वादात मी हवं म्हणणाऱ्यांच्या बाजूला आहे तो त्या मुलीमुळे. मात्र कसलं रेटिंग हवं, हे ठरवताना घाई करून चालणार नाही.

आधी एक घोळ दूर करायला हवा. क्रमवारी आणि रेटिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिल्हा, राज्य किंवा राष्ट्रीय क्रमवारीत गुण मिळतात ते कुठल्या फेरीपर्यंत पोचलात त्याचे. समोर कोण होतं, याला तिथे महत्त्व नसतं. आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघानेही २०१८ पासून जागतिक क्रमवारी याच धर्तीवर नेली: वर्षभरातल्या सर्वोत्तम आठ निकालांची बेरीज. ही पद्धत समजायला सोपी आहे आणि वरच्या पातळीवर, जिथे सगळे सगळीकडे खेळतात, तिथे ती बऱ्यापैकी चालते. आपल्याकडे मात्र तिच्यात खेळाबरोबर खिसा आणि लोकलही मोजली जाते. बदलापूर मुंबईच्या सीएसएमटीपासून ६८ किलोमीटरवर. स्पर्धा अंधेरीला किंवा मुलुंडला, सकाळी आठचा रिपोर्टिंग टाइम, रविवार म्हणजे मेगाब्लॉक, बरोबर एक पालक हवा, एंट्री फी वेगळी. वर्षात अशा दहा स्पर्धा खेळणारं मूल आणि दोनच परवडणारं मूल यांच्या गुणांतला फरक खेळातला फरक नव्हे. गुणांची क्रमवारी ही हजेरीची नोंद आहे. तिला कौशल्याचं माप समजलं की अन्याय सुरू होतो.

रेटिंगची कल्पना याच्या उलट बाजूने येते. अर्पाद एलो हे हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत मिलवॉकीला भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. त्यांची पद्धत अमेरिकन बुद्धिबळ संघटनेने १९६० मध्ये आणि जागतिक संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. दोघांच्या आकड्यांतल्या फरकावरून जिंकण्याची शक्यता काढायची: २०० चा फरक असेल तर वरचा शंभरात साधारण ७६ वेळा जिंकेल, ४०० चा असेल तर ९१ वेळा. निकाल अपेक्षेप्रमाणे लागला तर थोडेच गुण इकडून तिकडे सरकतात, उलटा लागला तर बरेच. कुठे खेळलात, किती फी भरलीत, याला इथे किंमत नाही. कोणाशी खेळलात आणि काय झालं, एवढंच मोजायचं.

टेबल टेनिसमध्ये याची दोन मोठी रूपं हौशी खेळाडूंपर्यंत पोचली. अमेरिकेत एक साधा तक्ता वापरतात. फरक १२ पर्यंत असेल तर जिंकणाऱ्याला ८ मिळतात आणि हरणाऱ्याचे ८ जातात. फरक २३८ किंवा त्याहून जास्त असेल तर वरच्या खेळाडूला जिंकून शून्य मिळतो आणि हरल्यास त्याचे ५० जातात. गणित म्हणून यात चूक नाही. पण त्या मजबूत खेळाडूच्या मनाचा विचार करा: छोट्या गावातल्या छोट्या स्पर्धेत उतरून त्याला मिळवायचं काहीच नाही, गमवायचे मात्र पन्नास. तो येत नाही, आणि जिथे त्याच्याशी खेळून पोरं शिकली असती तिथे ती शिकत नाहीत. जर्मनीत लीगच्या लाखो खेळाडूंना एलोच्याच सूत्रावरचा आकडा मिळतो. फक्त मोजपट्टी ४०० ऐवजी १५० ची, म्हणजे तिथला १५० चा फरक एलोच्या ४०० एवढा, आणि एका मॅचमध्ये सरकणारे गुण मुळात १६ पर्यंत. तरुण आणि नवे खेळाडू यांच्यासाठी हा गुणक वाढवलेला, म्हणजे त्यांचा आकडा लवकर हलतो. तिथे क्लबच्या संघात कोण कुठल्या क्रमांकावर खेळणार हेही या आकड्यावर ठरतं, त्यामुळे आकडा चुकला तर त्याचा चटका पूर्ण संघाला बसतो.

मुलांच्या मोबाइलवरच्या त्या प्रश्नचिन्हामागे आणखी एक माणूस आहे. मार्क ग्लिकमन या संख्याशास्त्रज्ञाने १९९५ च्या सुमारास ग्लिको पद्धत मांडली. तिच्यात प्रत्येक खेळाडूला दोन आकडे असतात: अंदाज, आणि त्या अंदाजाबद्दलची अनिश्चितता. नव्या खेळाडूसाठी सुरुवात १५००, अनिश्चितता ३५०. म्हणजे तो ८०० चा असेल किंवा २२०० चाही, आपल्याला अजून कळलेलं नाही. खेळत राहिलात की अनिश्चितता घटते, सहा महिने बॅट कपाटात राहिली की पुन्हा वाढते. टेबल टेनिससाठी हेच काम डेव्हिड मार्कस यांनी केलं. त्यांची पद्धत २००१ मध्ये संख्याशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली आणि रेटिंग्ज सेंट्रल या नावाने आज अनेक देशांतले क्लब ती वापरतात. या सगळ्या पसाऱ्यात मला मोलाचा वाटतो तो दुसरा आकडा. पहिल्याशी सगळे भांडतात, दुसरा बहुतेक ठिकाणी छापलाच जात नाही.

तो छापायला हवा, कारण टेबल टेनिस हा खेळच आकड्यातून निसटणारा आहे. आधी मॅचची लांबी घ्या. समजा एक खेळाडू दुसऱ्यापेक्षा इतकाच बरा आहे की शंभरातले ५५ पॉइंट तो जिंकतो. अकरा पॉइंटांचा एकच गेम खेळवला तर तो शंभरात साधारण ६८ वेळा जिंकेल, तीनपैकी दोन गेममध्ये ७६ वेळा, पाचपैकी तीनमध्ये ८१ वेळा. सप्टेंबर २००१ मध्ये गेम २१ वरून ११ वर आला. खेळ बघायला रंगतदार झाला, पण प्रत्येक गेममधला नशिबाचा वाटा वाढला. आपल्याकडे चार टेबलांवर शंभर एंट्र्या संपवायच्या असल्या की सुरुवातीच्या फेऱ्या तीन गेमच्या होतात, वीज गेली किंवा उशीर झाला तर एकाच गेमच्या. त्या एका गेमचा निकाल आणि फायनलच्या पाच गेमचा निकाल रेटिंगच्या वहीत सारख्या वजनाने चढवणं चूक आहे.

त्यात पावसाळा. उल्हास नदीच्या खोऱ्यात जुलै महिन्यात हवा इतकी दमट असते की रबरावर बोट ठेवलं तर ओल लागते. टॉपस्पिन मारणाऱ्याचा चेंडू रबरावरून घसरतो, ब्लॉक करणारा सुखावतो. जानेवारीत त्याच दोघांचा निकाल उलटा. कुठे टाइल्स, कुठे लाकडी फळ्या, कुठे टेबलामागे चार फुटांवर भिंत, त्यामुळे मागे जाऊन चॉप करणाऱ्याला जागाच नाही.

आणि रबर. ज्याने लाँग पिंपलवाल्याशी पहिल्यांदा मॅच खेळली आहे, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. फिरकी उलटी येते, हाताला सवय नसते, आणि एरवी सरस असलेला खेळाडू पंधरा मिनिटांत घरी जातो. या खेळात अ ने ब ला हरवलं आणि ब ने क ला हरवलं म्हणून अ हा क ला हरवेलच असं नाही. दगड-कागद-कात्रीसारखा प्रकार इथे रोज घडतो, आणि एकच आकडा देणारी कोणतीही पद्धत हे सांगू शकत नाही. याचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्याच मुंबईत घडलं. १९५२ ची जागतिक स्पर्धा मुंबईत झाली. जपान पहिल्यांदाच उतरला होता. हिरोजी सातो नावाचा चष्मा लावलेला खेळाडू जाड स्पंजची बॅट घेऊन आला आणि हंगेरीच्या योझेफ कोत्सियानला हरवून जगज्जेता झाला. चेंडू बॅटवर आदळल्याचा आवाजच येत नव्हता; आयुष्यभर त्या आवाजावर वेळ साधणारे दिग्गज गोंधळून गेले. त्या आठवड्याच्या आधी जगातल्या कुठल्याही रेटिंगने सातोला वर ठेवलं नसतं. अलीकडचं पाहायचं तर फेब्रुवारी २०२४, बुसान. जागतिक सांघिक स्पर्धेत अहिका मुखर्जीने बॅकहँडच्या वेगळ्या जातीच्या रबराने जगात पहिल्या असलेल्या सुन यिंगशाला हरवलं. क्रमवारीत दोघींच्या मध्ये शंभराहून जास्त खेळाडू होत्या.

पण रबर, पाऊस, मॅचची लांबी या अडचणी सगळ्या गावांना सारख्याच. आपल्या तीन गावांची अडचण त्यापुढची आहे, आणि या आढाव्यातलं माझं मुख्य म्हणणं तिच्याबद्दलच आहे.

समजा बदलापूरच्या वीस जणांनी एक गट केला, सगळ्यांना १५०० वर सुरू केलं आणि एलोचं सूत्र लावलं. एकाला मिळतात तेवढेच दुसऱ्याचे जातात. म्हणजे गटाची सरासरी आज १५००, पाच वर्षांनी सगळे दुप्पट चांगले खेळू लागले तरी १५००. उल्हासनगरच्या वीस जणांनी तेच केलं, त्यांचीही सरासरी १५००. अंबरनाथचीही तीच. आता बदलापूरचा १६५० आणि उल्हासनगरचा १६५० यांच्यात कोण बरा? आकड्यांवरून काहीच कळत नाही. अंबरनाथहून उल्हासनगर लोकलने दोन किलोमीटर, बदलापूर आठ. नकाशावर ही गावं एकमेकांना खेटून आहेत. पण संध्याकाळी ऑफिसातून परतलेला माणूस आपल्याच सोसायटीच्या टेबलावर खेळतो. उल्हासनगरच्या एका भागातला, म्हणजे कॅम्पातला, खेळाडू दुसऱ्या कॅम्पात क्वचित जातो, तर अंबरनाथला कशाला जाईल? रेटिंगच्या दृष्टीने ही तीन बेटं आहेत, खरं तर तीनपेक्षा जास्त.

बेटांमध्ये पूल असतात ते इकडून तिकडे जाणाऱ्या दोन-चार माणसांचे. आणि साध्या एलो पद्धतीत भुर्दंड पडतो तो नेमका त्यांनाच. बदलापूरचा एक जण दर शनिवारी उल्हासनगरला जातो. तिथला गट खरोखर मजबूत आहे. तो दहा मॅच हरतो, त्याचे दीडशे गुण जातात. मग तो बदलापूरला परत येतो आणि आपल्या जुन्या भिडूंना पूर्वीसारखाच हरवतो; आता त्याचा आकडा खाली असल्याने ते ‘अपसेट’ ठरतात आणि त्या भिडूंचे ढीगभर गुण जातात. बदलापूरचा पूर्ण गट फुगवून मोजला गेला होता ही बातमी खरी होती. पण ती पोचली एकेकाला दंड करत, महिन्यांनंतर, आणि ज्याने ती आणली त्याला आधी सोसावं लागलं. असं दोनदा झालं की माणूस बाहेर खेळायला जाणं सोडतो. पूल पडतो.

यावर उपाय आहे, आणि तो जुना आहे. ज्या वर्षी सातो मुंबईत जिंकला त्याच १९५२ मध्ये राल्फ ब्रॅडली आणि मिल्टन टेरी यांनी जोडीजोडीने केलेल्या तुलनांवरून सगळ्यांची ताकद एकदम काढण्याची रीत प्रसिद्ध केली. बुद्धिबळासाठी झर्मेलो यांनी १९२९ मध्येच तशी मांडणी केली होती. एकेक मॅच झाली की एकेक आकडा हलवायचा, असं न करता वर्षभराच्या सगळ्या मॅच एकत्र घ्यायच्या आणि सगळ्यांचे आकडे पुन्हा नव्याने मांडायचे. मग त्या शनिवारवाल्या माणसाचे उल्हासनगरमधले निकाल बदलापूरच्या सगळ्यांना एकाच वेळी योग्य जागी सरकवतात, त्याला एकट्याला दंड न होता. आज साध्या लॅपटॉपवर हे काही सेकंदांत होतं. पण त्यालाही पूल लागतातच. दोन गावांमध्ये वर्षात तीनच मॅच झाल्या असतील तर जगातलं कुठलंही गणित त्यांच्या आकड्यांची तुलना खात्रीने करू शकत नाही, आणि तेव्हा प्रामाणिकपणे प्रश्नचिन्ह लावलं पाहिजे.

गावाच्या आतही बेटं असतात, त्यातलं एक मुलींचं. मुली मुलींशीच खेळल्या, आणि हॉलमध्ये त्या चारच असल्या, तर त्यांचा आकडा त्या चौघींपुरता. मुलांशी झालेल्या मॅच वहीत धरायच्या की नाही, यावर वाद होतात. मला वाटतं धरायलाच हव्यात. नाहीतर ज्या मुलीने मुलांच्या गटातले अर्धे हरवले आहेत तिची पातळी कागदावर कधीच दिसणार नाही.

मुलांचा प्रश्न त्याहून नाजूक. वाढत्या वयाचं मूल आपल्या रेटिंगच्या नेहमी पुढे असतं. आकडा सांगतो ते मागच्या वर्षीचं. त्याच्याशी हरणारे मोठे खेळाडू विनाकारण गुण गमावतात, आणि गटात मुलं जास्त असली की सगळ्यांचेच आकडे खाली सरकत जातात. बुद्धिबळात हे इतकं वाढलं की जागतिक संघटनेला मार्च २०२४ मध्ये रेटिंगचा तळ १००० वरून १४०० वर न्यावा लागला आणि २००० च्या खालच्या सगळ्यांना एकदाच गुण वाढवून द्यावे लागले: २००० पासून जितकं अंतर, त्याचे चार दशांश. १५०० चा खेळाडू एका रात्रीत १७०० चा झाला, खेळ तोच असताना. कोविडच्या काळात घरी बसून ऑनलाइन तयार झालेली मुलं पटावर आली तेव्हा त्यांचे जुने आकडे त्यांना लागूच नव्हते, हेही त्यामागे होतं. तिथे अठरा वर्षांखालच्यांसाठी गुणक ४० आहे, एरवी २० आणि अगदी वरच्यांना १०. तरी इतकं करावं लागलं. आपल्या तीन गावांत खेळणारी निम्मी मंडळी शाळकरी असतील, तर हा दोष आपल्याकडे पहिल्या वर्षापासूनच राहणार आहे, हे धरून चालावं.

मुद्दाम हरण्याबद्दल थोडक्यात. बक्षिसं आकड्यांच्या गटानुसार वाटली की कोणीतरी खालच्या गटात राहण्यासाठी हरतो. अमेरिकन बुद्धिबळात गाठलेल्या शिखराच्या साधारण २०० खाली आकडा घसरू देत नाहीत. तेवढा नियम इथेही पुरेसा आहे. याच्यासाठी सगळ्यांवर संशय घेण्याची गरज नाही.

अचूकपणा आणि न्याय या दोन गोष्टी इथे सुट्या होतात. सरासरीने बरोबर असलेली पद्धतही एखाद्यावर अन्याय करू शकते, आणि तो किती मोठा हे आकड्याचा वापर कशासाठी होतो त्यावर ठरतं. वरच्या पातळीवर काय होतं ते आपण पाहिलं आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने राष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाचा कारभार प्रशासकांच्या समितीकडे दिला. त्याच वर्षी राष्ट्रकुल स्पर्धेच्या संघात नाव नाही म्हणून मुंबईची दिया चितळे त्याच न्यायालयात गेली आणि नंतर संघात आली. अर्चना कामतला बाहेर व्हावं लागलं. दोन वर्षांनी पॅरिस ऑलिंपिकसाठी हीच अर्चना जागतिक क्रमवारीच्या आधारे संघात आली आणि सुन यिंगशाला हरवणारी अहिका राखीव राहिली. पॅरिसला जर्मनीविरुद्ध उपांत्यपूर्व फेरीत भारताने जिंकलेली एकमेव लढत अर्चनाची होती. त्यावरून निवड बरोबर होती असंही सिद्ध होत नाही आणि चूक होती असंही नाही. निकष आधी लिहून ठेवलेला असेल आणि सगळ्यांना सारखा लागू होत असेल, तर हरलेल्या बाजूला किमान काय मोजलं गेलं हे कळतं. देशाच्या संघाबद्दल जे खरं तेच तेरा वर्षांखालच्या ड्रॉबद्दल खरं.

म्हणून हौशी पातळीवर रेटिंगचं काम मी दोन-तीन गोष्टींपुरतं ठेवीन. ड्रॉमध्ये सारखे खेळाडू पहिल्याच फेरीत भिडू नयेत. गट पाडताना नवशिक्याला अनुभवी माणसासमोर टाकू नये. आणि हँडिकॅपच्या मॅच: खालच्याला चार-पाच पॉइंटांची सुरुवात देऊन साठीचे आजोबा आणि बारावीतला मुलगा यांच्यात चुरस लावावी. हॉलमध्ये कोणाला टेबल मिळणार, कोणाला कोच वेळ देणार, कोणत्या मुलाला ‘होतकरू’ म्हणायचं, हे त्या आकड्यावर ठरू लागलं तर मी विरोध करीन. अकरा वर्षांच्या मुलाच्या आकड्यात त्याच्या पालकांची रविवारची सवड आणि गावात लाँग पिंपलवाले किती आहेत हेही मिसळलेलं असतं.

आमच्या वहीत गेल्या दिवाळीपासून प्रत्येक मॅचसमोर चार रकाने आहेत: किती गेमची, कुठल्या हॉलमध्ये, समोरच्याचं रबर कुठलं, आणि तो कुठल्या गावचा. शेवटचा रकाना भरायला आम्ही महिन्यातला एक रविवार ठरवला आहे: एकदा अंबरनाथकरांनी बदलापूरला यायचं, एकदा आम्ही त्यांच्याकडे. उल्हासनगरच्या एका गटाशी बोलणं चालू आहे. चेंडू सगळीकडे एकाच कंपनीचे वापरायचे, एवढ्यावर पहिल्याच दिवशी एकमत झालं. मॅच पाच गेमचीच, मग दिवसात कमी झाल्या तरी चालतील.

परवा त्या मुलीने पुन्हा विचारलं. या वेळी मी वही उघडून तिच्या नावापुढे पेन्सिलीने १४३० लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. तिला ते लिचेसमुळे लगेच समजलं. ‘हे कधी जाणार?’ तिने विचारलं. अंबरनाथच्या सहा-सात जणांशी खेळून आलीस की थोडं फिकट होईल, असं मी सांगितलं. तिने आईला हाक मारून पुढचा रविवार मोकळा आहे का ते विचारलं, आणि आई मेगाब्लॉक कुठे आहे ते बघू लागली.